भिंतीपलीकडचे पोतनीस

पोतनीसांच्या घरात चार बेस गिटार होत्या आणि गाणं एकही नव्हतं. हे मी त्यांच्या तोंडावर बोललेली आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

ते आता पुण्याला गेले. ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधल्या त्यांच्या घरात एक कोचिंग क्लास भाड्याने आलाय. त्यांची आणि आमची भिंत एक. त्या भिंतीतून आता काहीच येत नाही आणि मला दुपारी झोप लागत नाही. हे लिहायला घेण्याचं कारण एवढंच.

बेस म्हणजे काय, हे मलाही त्यांच्यामुळेच कळलं. चार जाड तारांची गिटार. गाणारा वर गातो, ही त्याच्या खालून धुम्म धुम्म करत चालते. "बेस कोणाला ऐकू येत नाही, सुनंदाबाई," पोतनीस सांगायचे. "पण नसला ना, तर गाणं पोकळ वाटतं. पाया आहे तो. पाया कधी दिसतो का?"

"दिसत नाही, पण आमच्या भिंतीतून तोच येतो. बाकी काही येत नाही."

"येणारच. वरचे सूर भिंतीला अडतात. खालचा आरपार जातो. सायन्स आहे."

सायन्स असेल. मी शाळेत हिंदी आणि समाजशास्त्र शिकवलं, सायन्सचं मला विचारू नका. पण दुपारी शाळेतून येऊन जरा अंग टेकलं की उशीखालून कोणी म्हातारा खाकरतोय असा तो आवाज यायचा, तोही ठरलेल्या चार सुरांचा. गिटार बदलायची, तिला जोडायचे डबे बदलायचे, सूर तेच. नवी गिटार आली की मला वाटायचं, आज पाचवा सूर येणार. नाही आला.

पोतनीसांचे पणजोबा दरबारात खजिन्यावर होते. ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या चहाच्या आत सांगत. दिवाणखान्यात पणजोबांची तसबीर होती, पगडी, उपरणं, आणि समोरचा माणूस काहीतरी मागायलाच आलाय अशी नजर. माझे पणजोबा त्याच दरबाराच्या फौजेत शिपाई. वडील मिलमध्ये फिटर. बी.ए. झालेली आमच्या घरात मी पहिली, आणि ते मी कोणाला पहिल्या चहाच्या आत सांगत नाही, दुसऱ्या चहाला सांगते.

पोतनीसांना हे कळलं तेव्हा ते खूष होऊन म्हणाले, "म्हणजे तुमचे पणजोबा आमच्या खजिन्याच्या दारावर पहारा देत असतील."

"असतील. म्हणूनच खजिना तेवढे दिवस टिकला."

शैलावहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, पदर तोंडाला लावून आत गेल्या. आमची मैत्री त्या दिवसापासून.

स्वतः पोतनीस एका सरकारी दफ्तरात अधीक्षक होते. दफ्तरात त्यांना निर्णय घ्यायची सवय नव्हती, तीच सवय त्यांनी संगीतात आणली. एखादी गिटार घ्यायची म्हटली की महिनोन्‌महिने तिची चर्चा. लाकूड कुठलं, मान जाड की बारीक, तारा गुळगुळीत की खरखरीत. यूट्यूबवर कोणी दाढीवाला परदेशी माणूस एक गिटार वाजवून चांगली म्हणायचा, दुसरा दाढीवाला तिलाच नावं ठेवायचा, आणि पोतनीस दोघांचं ऐकून तिसऱ्याकडे जायचे. फूलबागेच्या बाजूला वाद्यांचं एक दुकान होतं. तिथे जाऊन ते स्टुलावर बसून प्रत्येक गिटार मांडीवर घेत, वास घेत, आणि घरी येऊन मोबाइलवरून दुसरीच मागवत. शेवटी त्या दुकानदाराने त्यांना बघितलं की स्टूलच आत न्यायला सुरुवात केली. "साहब, खड़े-खड़े देख लो," म्हणायचा.

आणि इतकं सगळं करून शेवटचा निकाल पंचांगात. गुरुपुष्य नसेल तर खोकं उघडायचं नाही. दाढीवाल्यांनी सांगितलेली गिटार, गुरुजींनी सांगितलेला मुहूर्त. मी एकदा विचारलं की त्या दाढीवाल्याने तरी मुहूर्त बघितला होता का. "तुम्हाला नाही समजणार," ते म्हणाले. "कान लागतो."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कान लागतो. आपल्याला कान आहे आणि उरलेल्या ग्वाल्हेरला नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्या कानाची परीक्षा एकदा माझ्यासमोर झाली. गिटार आणि कॉम्प्युटरच्या मध्ये एक डबा लागतो, तारेतला आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारा. पोतनीसांकडे तो होता. मग त्याहून चांगला आला. दोन्हींतून त्यांनी आपले चार सूर भरले आणि मला बोलावलं. "डोळे मिटा. आता हा जुना." धुम्म धुम्म. "आणि हा नवा." धुम्म धुम्म. "काय फरक वाटला?"

"काही नाही."

"नीट ऐका ना. जुना कसा कोरडा आहे, पापडासारखा. नव्यात ऊब आहे. मखमल. खाली बघा कसा पसरतो, जसं गादीवर कोणी..."

त्यांची मुलगी ऋचा मागून येऊन स्क्रीनकडे बघत उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही एकच फाइल दोनदा लावून राहिलात."

पोतनीसांनी स्क्रीन बघितला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा नंबर भारी होता, चष्म्याशिवाय त्यांना वरण आणि कढी वेगळी दिसत नसत. मग म्हणाले, "पण मखमल होती." मी घरी येऊन इतकी हसले की मोटर बंद करायची विसरले आणि टाकी भरून वाहिली.

मोटरचीही एक गोष्ट आहे. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये एक गुणगुण यायची. पोतनीसांनी तारा बदलल्या, प्लग बदलले, मग अर्थिंग खराब आहे असं ठरवून अंगणात वहिनींच्या मोगऱ्याशेजारी खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरवलं. मोगरा मेला. गुणगुण राहिली. शेवटी कोणी जाणकाराने नाही, त्यांनी स्वतःच शोध लावला की ती फक्त नळाला पाणी येतं तेव्हाच येते. आमच्या गल्लीत पाणी आलं की प्रत्येक घरी मोटर लागते, नाहीतर छतावर थेंब चढत नाही. माझी मोटर तर त्यांच्या त्या खोलीच्या भिंतीलाच टेकलेली.

ते आले माझ्याकडे. "सुनंदाबाई, एक विनंती होती. पाणी जरा दुसऱ्या वेळी भरता आलं तर."

"पाणी येतं तेव्हा भरते, पोतनीस साहेब. तुमच्या पणजोबांना विचारा, त्यांच्या वेळी कधी यायचं."

आले तसे गेले. ती खोली म्हणजे खरं तर ऋचाची अभ्यासाची. भिंतींना काळे स्पंज चिकटवले, खिडकीला जुन्या गाद्या लावल्या, आणि मुलीने सी.ए.चा अभ्यास दिवाणखान्यात पणजोबांच्या नजरेखाली केला. तरी पास झाली. त्यात पोतनीसांचा वाटा विचाराल, तर त्यांनी वाजवताना हेडफोन लावले. तेही परीक्षेच्या महिन्यात.

आता शैलावहिनींबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

वहिनी मंगलाष्टका म्हणायच्या. आमच्या जुन्या शहरातल्या, लष्कर भागातल्या मराठी घरांत लग्न ठरलं की हॉलच्या आधी वहिनींना विचारायचे. मुलाचं नाव, मुलीचं नाव, आजोबांचं नाव, घरातल्या गेलेल्या माणसाची आठवण, सगळं गुंफून त्या स्वतः कडवी रचायच्या आणि बोहल्याच्या बाजूला उभ्या राहून माईकशिवाय म्हणायच्या. आवाज काही फार गोड नव्हता. जरासा जाड, पण सरळ, कुठे लचकणं नाही मुरकणं नाही. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी माझ्या वडिलांचं नाव घातलं होतं. मिलमधल्या फिटरचं नाव मंगलाष्टकेत. ते मी विसरत नाही.

ऋचाचं लग्न ठरलं, मुलगा ग्वाल्हेरचाच, दुबे. मुलगा चांगला, माणसं चांगली. दिवसा आपल्या पद्धतीचं लग्न आणि नंतर त्यांचा डीजे, असं ठरलं. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की हिच्या मंगलाष्टका म्हणणार कोण.

आपल्याकडे मुलीची आई लग्न लागताना समोर नसते. अक्षता पडत असतात तेव्हा ती आत, तुळशीपाशी पाणी घालत बसलेली असते. का, ते विचारू नका, मी विचारलेलं आहे, प्रत्येकीने वेगळं सांगितलं. पण पोतनीसांच्या घरात हे मोडणं शक्य नव्हतं, वहिनींनाही ते मोडायचं नव्हतं. म्हणजे साऱ्या गावाच्या मुलींचं जिच्या आवाजात लग्न लागलं, तिच्या मुलीला तो आवाज मिळणार नव्हता.

ऋचा एका संध्याकाळी माझ्यासमोरच म्हणाली, "बाबा, आईचं रेकॉर्ड करा ना. घरात इतकं सामान पडलंय. मंडपात लावू. आई आत राहील आणि आवाज बाहेर राहील. मला दुसरं काही नको लग्नात."

पोतनीस ताठ झाले. इतकी वर्षं सैन्य बाळगलं आणि आज युद्ध आलं, असा चेहरा. "करतो," म्हणाले. "पण तिच्या आवाजाला योग्य माईक पाहिजे."

झालं. दाढीवाले परत आले. एक माईक आला, तो वहिनींच्या 'स'ला टोचतो म्हणून परत पाठवायला बांधून ठेवला. दुसरा आला, त्यात श्वास फार. वहिनी पोळ्या सोडून, पिठाच्या हातांनी त्या गादीच्या खोलीत उभ्या राहायच्या. पंखा बंद, कूलर बंद, एक ओळ म्हणायच्या, पोतनीस डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. "आवाज चांगला आहे. खोली खराब आहे."

"मग खोलीचं लग्न लावा," मी म्हटलं.

पत्रिका वाटून झाल्या. बांगड्या भरून झाल्या. पाहुणे उतरायला लागले आणि पोतनीस तिसऱ्या माईकच्या पार्सलची वाट बघत होते. ऋचाने एकदा हळूच म्हटलं, "बाबा, मोबाइलवर करून टाकू का?" तर दिवसभर जेवले नाहीत. आणि इकडे पाहुण्यांशी बोलून, चुलीच्या धुरात अनरसे तळून वहिनींचा घसा बसायला लागला. आवाज सकाळी थोडा असायचा, दुपारपर्यंत जायचा. ज्येष्ठमध चघळत त्या खुणेने बोलायच्या. मला तो आवाज जाताना दिसत होता, ऋचाला दिसत होता, फक्त ज्यांना कान होता त्यांना पार्सल दिसत होतं.

मी गेले त्यांच्याकडे. चहा नको म्हटलं, उभ्यानेच बोलले. "पोतनीस साहेब, तुमच्या पणजोबांनी खजिना सांभाळला. खर्च करायचं काम दुसऱ्याचं होतं. तुम्ही पण फक्त सांभाळूनच राहिलात. उद्या सकाळी वहिनींचा आवाज असला तर असला. परवा नसेल. मग तुमच्या चार गिटार अंतरपाटाच्या जागी धरा."

पहिल्यांदाच त्यांनी मला काही समजणार नाही असं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वेळेच्या जरा आधी दारावर टकटक झाली. पोतनीस. लेंगा, बंडी, हातात काही नाही. "सुनंदाबाई, आज मोटर लावू नका. मी घरोघर सांगून राहिलो."

आणि खरंच. हा माणूस, जो भाजीवाल्याशीही अधीक्षकासारखा बोलायचा, तो गल्लीतल्या प्रत्येक दारात हात जोडून उभा राहिला. मी माझ्या दारातून बघत होते. समोरच्या शर्माजींच्या दारात त्यांचा आवाज ऐकू आला. "शर्माजी, आज थोड़ी देर पानी मत भरिए. बिटिया की शादी का गाना रिकॉर्ड करना है. इसकी माँ का."

शर्माजी वस्ताद. "क्यों, पोतनीस साहब, आपका अर्थिंग काम नहीं किया?"

"नहीं किया," पोतनीस म्हणाले.

पाणी आलं, नळ वाहिले, आणि गल्लीत एकही मोटर लागली नाही. बायका बादल्या घेऊन खाली उभ्या राहिल्या आणि बोलतही नव्हत्या. गादी लावलेल्या खिडकीतून वहिनींचं काही ऐकू आलं नाही, पण सगळे तिकडे तोंड करून उभे होते. वहिनींनी सगळी कडवी सलग म्हटली. नंतर ऋचाने सांगितलं की शेवटच्या कडव्यात आवाज जरा चिरला, तेव्हा बाबा म्हणाले, "एक टेक और." वहिनींनी माईकसमोरून बाजूला होऊन घोगऱ्या आवाजात सांगितलं, "माझं झालं," आणि अनरशांकडे गेल्या. माईक तो पहिलाच होता, 'स'ला टोचणारा. परत पाठवायला बांधलेला, कुरिअरवाला न्यायला आला नव्हता.

मग पोतनीसांनी त्यात आपला बेस घातला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मंगलाष्टकेत बेस, हे तुम्ही कुठे ऐकलंय का? पण आम्हाला भिंतीतून ऐकू आलं, दुपारभर, आणि खरं लिहायचं तर यावेळी चार सूर नव्हते. जास्त होते. मी उठून बसले.

लग्न मॅरेज गार्डनमध्ये. दुपारचा मुहूर्त. मंडपात फेटा बांधणारा आला तेव्हा चष्म्याच्या काड्या फेट्यात अडकायला लागल्या. पोतनीसांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला, "धरा जरा." मी पर्समध्ये टाकला. नंतर ते मुलीला आणायच्या गडबडीत, मी वहिनींच्या.

स्टेजच्या मागे एक छोटी खोली होती, वधूच्या सामानाची. तिथे घरून आणलेली तुळशीची कुंडी ठेवली, पाट मांडला, तांब्या ठेवला. वहिनी बसल्या. सोबतीला मी, कारण बाकी सगळ्यांना अक्षता टाकायच्या होत्या. दार लावून घेतलं. बाहेरची गर्दी एकदम लांब गेली. गुरुजींचं काही कळेना. मग सगळे शांत झाले असावेत, आणि मला वाटलं, आता सुरू होईल.

आवाज आला नाही. वहिनींचा आवाज, ज्याच्यासाठी एवढं रामायण, तो त्या दारातून आत आलाच नाही. आणि मग भिंत बोलायला लागली. धुम्म. डीजेवाल्याने संध्याकाळचे आपले खालच्या सुरांचे मोठे काळे खोके फुलांच्या सजावटीत दिसू नयेत म्हणून स्टेजच्या मागे, आमच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. पुढचे भोंगे बाहेर वहिनींचा आवाज देत होते. मागचे खोके आम्हाला फक्त पोतनीस देत होते.

तुळशीच्या कुंडीतलं पाणी थरथरत होतं. वहिनी तांब्या धरून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलायला लागले. नुसत्या त्या खालच्या सुरावरून त्यांना कळत होतं कुठली ओळ चाललीये, कुठे ऋचाचं नाव आलंय. जिथे 'सावधान' यायचं तिथे बेस थांबायचा आणि वहिनी तुळशीला धार सोडायच्या. पुन्हा धुम्म, पुन्हा ओठ. मी भिंतीकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मध्येच त्या म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्यात चुकलेत." आणि पाणी घातलं.

बाहेर वाजंत्री लागली, टाळ्या वाजल्या. आम्ही दार उघडलं तेव्हा स्टेजच्या पायऱ्यांपाशी लोक पोतनीसांना घेरून उभे होते. वहिनींचं कौतुक थांबेना. दुबेंचे काका म्हणत होते, "भाभीजी ने क्या गाया, साहब. बिना किसी बाजे के, अकेले. रोंगटे खड़े हो गए."

"बाजा था," पोतनीस म्हणाले.

"अच्छा? हमें तो सुनाई नहीं दिया."

मला बोलायची फार इच्छा झाली. कान लागतो, असं. जिभेवर आलं होतं. पण पोतनीस आमच्याकडे वळले, चेहरा पडलेला, फेटा एका बाजूला कलंडलेला. "ऐकलंस?" ते वहिनींना म्हणाले. "एकालाही बेस ऐकू नाही आला. इतकं सगळं करून."

वहिनी म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्यात चुकलात."

पोतनीसांनी आमच्या मागच्या खोलीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. काही बोलायला गेले आणि तेवढ्यात कोणी जेवणाच्या पंगतीचं विचारायला आलं, म्हणून ते तिकडे गेले. मी एवढा चोख जबाब आयुष्यात ऐकला नाही, आणि तो माझा नव्हता याचं मला अजून वाईट वाटतं.

पाठवणीच्या वेळी गाडी दारात उभी होती. ऋचा रडून घेत होती, सगळ्यांच्या पाया पडून झालं होतं, आणि बाबा कुठेच नव्हते. "पोतनीस साहब, पोतनीस साहब," असा सगळीकडे पुकारा. मला माहीत होतं कुठे असतील. स्टेजच्या मागे गेले.

तिथे ते त्या काळ्या खोक्यापाशी उकिडवे बसले होते, गर्दीकडे पाठ करून, फेटा मांडीवर. खोक्याच्या मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात काही छापलेलं होतं, त्यात तोंड खुपसलेलं. डीजेवाला बाजूला वायर गुंडाळत उभा होता आणि अवघडून त्यांच्याकडे बघत होता.

"साहेब, गाडी निघून राहिली," मी म्हटलं.

"आलो, आलो," ते पाठ न वळवता म्हणाले. "जरा बघून राहिलो होतो, कुठल्या कंपनीचा आहे."

मी थांबले. पर्समध्ये त्यांचा चष्मा होता.